पाय दुखतो म्हणजे नेमकं कुठे आणि कधी? टाच, घोटा, पोटरी, नडगी

पाऊलखूण

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याखालचं दुखणं घेऊन येणारे लोक रोज बघते. आरोग्याच्या धाग्यांवर कुणी "पाय फार दुखतात, काय करू" विचारलं की खाली धडाधड प्रतिसाद येतात, कॅल्शियम घ्या, युरिक अ‍ॅसिड बघा, अमुक तेल चोळा, आणि पाय दुखतो म्हणजे कुठे दुखतो हे कुणी विचारतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण गुडघ्याखालच्या भागात कारण शोधायला जागा आणि वेळ या दोन गोष्टी जितकी मदत करतात तितकी पहिल्या फटक्यात कुठलीही तपासणी करत नाही.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, वरून लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे पट्टे), टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), नसा, रक्तवाहिन्या. त्यामुळे मी आधी एवढंच सांगते, एका बोटाने दाखवा. बोट टेकवून "इथेच" म्हणता आलं तर बहुतेक वेळा तिथल्याच टेंडनची, हाडाची किंवा सांध्याची भानगड असते. आणि माणूस अख्खा तळहात फिरवून "हे सगळं असं" म्हणाला तर नस, रक्तपुरवठा, कंबर, किंवा मग साखर, बी-१२, थायरॉइड असं शरीरभराचं काही असू शकतं. नेहमीच असं सरळ नसतं पण सुरुवात इथून होते.

मग वेळ. सकाळी पलंगावरून उतरल्यावरचं पहिलं पाऊल टाचेत सुईसारखं टोचतं आणि चार पावलं चालल्यावर सैल पडतं, हे एक दुखणं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पोटऱ्या जड होतात आणि पाय वर करून पडलं की बरं वाटतं, हे दुसरं. रात्री तळव्यांची आग होते, पांघरूण नको होतं, हे तिसरं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-पाच मिनिटांत सुटते, हे चौथं. चारही लोक "पाय दुखतो" असंच सांगतात आणि चौघांना लागणारे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

आणि हे आधीच लिहून ठेवते, यात थांबायचं नाही, थेट डॉक्टरकडे जायचं: एकाच पोटरीला नव्याने सूज, दुखणं आणि गरमपणा, पाऊल अचानक गार, पांढरं किंवा निळं पडणं, मुरगळल्यावर चार पावलंसुद्धा टाकता न येणं, तापाबरोबर लाल सुजलेला सांधा, पाऊल वर उचलता न येणं, चालताना चवडा घासणं, आणि मधुमेह असेल तर पायाची कुठलीही जखम, दुखत असो नसो.

विचारा, मला माहीत असेल ते सांगेन. इथे डॉक्टर मंडळी आहेत त्यांनीही भर घाला.

अनवट_वाट

माझंच पहिलं. उजवी टाच, अगदी तुम्ही लिहिलंय तसं सकाळचं पहिलं पाऊल. एक्स-रे काढला त्यात टाचेचं हाड वाढलंय म्हणे, चोच आल्यासारखं दिसतं. तेव्हापासून घरातले सगळे म्हणतायत हाड वाढलंय म्हणजे ते काढावंच लागणार, मला ऑपरेशनचं फार टेन्शन आलंय. आणि एक इंजेक्शन घेऊन बघा असंही सुचवलंय. काय करू?

पाऊलखूण

ताई, आधी ऑपरेशनचा विचार डोक्यातून काढून टाका. ती चोच, हील स्पर म्हणतात तिला, ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसते. आणि ज्यांची टाच भयंकर दुखते त्यांच्यात कधीकधी नसतेही. म्हणजे दुखणं चोचीमुळे असतंच असं नाही. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया, तो टाचेला जिथे चिकटतो तिथे, आतल्या बाजूला, ताण येऊन येऊन खराब होतो. दुखतं ते बहुतेक तिथे.

घरी करून बघा. खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, अंगठा हाताने वर, नडगीच्या दिशेला ओढा. कमानीत दोरीसारखा ताणलेला पट्टा बोटांना लागेल. तो धरून टाचेकडे सरकत जा, टाचेच्या आतल्या कडेशी एका ठिकाणी दाबलं की "आई गं" होतं का बघा. होत असेल तर हेच. आणि दुखणं टाचेच्या अगदी मधोमध, कडक फरशीवर अनवाणी चाललं की ठेचल्यासारखं होत असेल तर तिथली चरबीची गादी पातळ झालेली असू शकते, त्याला मऊ तळव्याची चप्पल, टाचेचं कुशन हे जास्त कामी येतं.

हाच अंगठा ओढायचा प्रकार व्यायाम म्हणूनही करायचा, पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आधी, दहा सेकंद धरून दहा वेळा. सोबत पोटरीचे ताण. आणि थोडं सुसह्य झालं की पायरीवर उभं राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून सावकाश टाचा उचलणं, यानं पट्ट्याला ताकद येते. बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवायच बरं होतं पण वेळ लागतो, काही महिने, कधी वर्षभरसुद्धा, हे आधी माहीत असलं म्हणजे मधेच धीर सुटत नाही. स्टिरॉइड इंजेक्शननं काही आठवडे चांगला आराम पडतो, पण तोच पट्टा फाटण्याचा आणि गादी पातळ होण्याचा धोका थोडा असतो, म्हणून मी ते सुरुवातीला सुचवत नाही.

स्टेथो

पाऊलखूण यांनी लिहिलंय त्याला अनुमोदन. एक भर. तरुण माणूस, दोन्ही टाचा दुखतात, शिवाय सकाळी कंबर अर्धा तासाच्या वर आखडलेली असते आणि हालचाल केली की मोकळी होते, असं असेल तर ते नुसतं टाचेचं दुखणं समजू नका. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्या कुळातले संधिवात असे सुरू होतात. वर्षानुवर्षं टाचेवर शेक घेत राहिलेले लोक मी बघितलेत, लवकर संधिवाततज्ज्ञाकडे गेले असते तर किती त्रास वाचला असता.

धावपट्टी

मी यंदा धावायला लागलो आणि उत्साहात अंतर भराभर वाढवलं, आता नडगीची आतली बाजू दुखते. सुरुवातीला धावताना पहिली काही मिनिटं दुखायचं मग थांबायचं, आता धावून झाल्यावरही ठणकतं. ग्रुपमधले म्हणतात शिन स्प्लिंट (धावण्याच्या ताणाने नडगी दुखणं) आहे, धावत राहा आपोआप जातं. खरंय का?

डोंगरवाटा

मी बरीच वर्षं लांब पल्ल्याचं धावतोय आणि "धावत राहा आपोआप जातं" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. माझ्या एका धावणाऱ्या मित्राला असंच सांगितलं गेलं, त्याचं निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर. नडगीच्या हाडाची आतली कड वरून खाली बोटाने दाबत जा. वीतभर पट्टा सगळाच दुखत असेल तर शिन स्प्लिंट असण्याची शक्यता जास्त, पण एकाच जागी, नाण्याएवढ्या, बोट टेकवताच डोळ्यात पाणी येत असेल तर धावणं आजच बंद आणि ऑर्थोकडे. रात्री झोपेत दुखत असेल तरी तेच.

पाऊलखूण

अगदी बरोबर. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला जाऊ नका, स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसत नाही बऱ्याचदा, शंका असेल तर एमआरआय लागतो. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडातही हे होतं, सैनिकांच्या लांबच लांब मार्चमुळे त्याला मार्च फ्रॅक्चर असंच नाव पडलंय. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, खाणं अपुरं असेल तर हाडं आधीच कमकुवत असतात, तेव्हा फक्त बुटांना दोष देऊन भागत नाही, तेही विचारलं गेलं पाहिजे.

नुसतं शिन स्प्लिंट असेल तर पूर्ण झोपून राहायची गरज नाही, धावणं कमी, सायकल किंवा पोहणं चालू, पोटरीची ताकद वाढवा, आणि परत येताना अंतर हळू वाढवा. वेग आणि अंतर दोन्ही एकदम वाढवू नका.

आणखी एक प्रकार लक्षात असू द्या. धावायला लागलं की ठरावीक वेळाने पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होतं, थांबलं की काही वेळात सगळं गायब. तो कंपार्टमेंट सिंड्रोमचा (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढण्याचा) धावण्याशी जोडलेला प्रकार असू शकतो, त्याची तपासणीच वेगळी असते.

सांजवारा

आईला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री तळव्यांची आग आग, मुंग्या, मोजे घातल्यासारखं वाटतं म्हणते पण मोजे नसतात. दिवसा त्रास कमी. शेजारच्या काकू म्हणतात उष्णता वाढली. गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन पूर्वीपासून आहे.

स्टेथो

मोज्याचं वर्णन आईंनी फार नेमकं केलंय. नसांचं दुखणं लांबच्या टोकापासून, म्हणजे बोटांपासून सुरू होऊन दोन्ही पायांत सारखं वर चढतं. मधुमेहातली न्यूरोपॅथी बहुधा, पण मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही असाच त्रास होतो, म्हणून बी-१२ नक्की तपासून घ्या. गोळी मात्र स्वतः बंद करू नका. या आगीसाठी वेगळी औषधं असतात, साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, त्या रोज घेतल्या तर किडनीला त्रास मात्र होतो.

माझी खरी काळजी आगीची नाहीये सांजवारा. आग होते तेव्हा माणूस निदान डॉक्टरकडे जातो. पुढे संवेदना जाते आणि मग दुखणंच बंद होतं, लोकांना वाटतं बरं झालं. बुटात खडा असतो, तो दिवसभर टोचत राहतो आणि कळत नाही, रात्री मोजा काढल्यावर रक्त दिसतं. रोज रात्री आईंचे तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा नीट उजेडात बघा, नाहीतर आरसा द्या त्यांना. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा. गरम पाण्यात पाय घालायचे असतील तर पाणी आधी कोपराने बघायचं किंवा दुसऱ्या कुणीतरी. डॉक्टरांकडे दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा एक नायलॉनचा धागा असतो, तो तळव्याला टेकवून कळतंय का बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, वर्षातून एकदा तरी मागून करून घ्या.

आणि मधुमेही माणसाचं एक पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं झालं आणि त्या मानाने दुखत फार नसेल तर तो शार्को फूट असू शकतो. आतली हाडं ढासळत असतात. त्यावर चालत राहिलं तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो. पायावर भार देणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

रोखठोक

हे सगळं ठीक आहे पण अनुभव असा आहे की ९०% लोकांना युरिक अ‍ॅसिड असतं. माझं ७.८ आलं, गोळी घेतली, पाय दुखायचे थांबले. उगाच साधी गोष्ट अवघड करताय.

स्टेथो

रोखठोक, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण तो ९०% चा आकडा पटत नाही. युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्या बहुतेकांना गाउट (त्याचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) कधीच होत नाही. आणि गाउटचा झटका चालू असताना तपासलं तर आकडा कधीकधी नॉर्मलही येतो. त्यामुळे आकड्यावरून निदान दोन्ही बाजूंनी चुकतं. गाउटचा झटका ओळखायला सोपा असतो, बऱ्याचदा मध्यरात्री किंवा पहाटे, पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, काही तासांत लालभडक, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. घोट्यालाही होतं. अंगभर मोघम दुखण्याला गाउट म्हणत नाहीत. खात्री करायची तर सांध्यातलं पाणी काढून त्यात स्फटिक बघतात. तुम्हाला असे झटके आले होते का? असतील तर गोळी योग्यच आहे, मनाने सोडू नका. नसतील तर ज्यांनी दिली त्यांना विचारा कशासाठी दिली.

रोखठोक

एकदा आला होता असा, डाव्या अंगठ्याला, चप्पलही घालता येत नव्हती. बाकी पाय दुखायचे ते वेगळं असेल कदाचित. विचारतो.

जुईची_वेल

माझा मुलगा दहा वर्षांचा, फुटबॉल खेळून आला की टाच धरून लंगडतो. आणि धाकटी सहा वर्षांची, ती रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडते, सकाळी टुणटुणीत. दोन्ही "वाढीचं दुखणं" असं सांगितलं गेलं.

पाऊलखूण

दोन्ही एक नाहीत. मुलाचं बहुतेक सेव्हर्स असावं, साधारण आठ ते चौदा वयात टाचेच्या वाढीच्या पट्टीवर पोटरीच्या टेंडनचा ओढा येऊन दुखतं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की दुखते. खेळ थोडा कमी करा, टाचेखाली कुशन, पोटरीचे ताण, वाढ पूर्ण झाली की जातंच. धाकटीचं मात्र वाढीच्या दुखण्याशी जुळतंय, दोन्ही पायांना, संध्याकाळी-रात्री, सकाळी काही नाही, लंगडणं नाही, चोळलं की बरं. पण रोज एकाच पायाला, एकाच जागी दुखलं, सूज आली, लंगडायला लागली, ताप किंवा वजन कमी होणं असं काही दिसलं तर वाढीचं दुखणं म्हणून सोडू नका, लगेच दाखवा.

चांदणवेल

मी ५४, वजन जास्त. डावा घोटा आतल्या बाजूने दुखतो, घोट्याच्या हाडाच्या मागे खाली. आणि मागून बघितलं तर डावं पाऊल बाहेर वळल्यासारखं दिसतं, चपलेची आतली कड जास्त झिजलीय. मुरगळलेलं नाही.

पाऊलखूण

चांदणवेल ताई, तुमच्या वर्णनावरून टिबिआलिस पोस्टिरिअर टेंडनची शंका येते, तो पायाची कमान वर धरून ठेवतो आणि थकला की कमान हळूहळू बसते. भिंतीला हात लावून फक्त डाव्या पायावर उभ्या राहा आणि टाच उचला. उचलता येत नाही, किंवा उचलली तरी टाच आत वळत नाही, तर नक्की दाखवा. हे मी कळकळीने सांगतेय कारण लवकर असताना कमानीचा आधार, ब्रेस, व्यायाम यांवर भागतं, उशीर झाला की पाऊल कडक होतं आणि मग ऑपरेशनचीच चर्चा करावी लागते. झिजलेली चप्पल सोबत घेऊन जा, ती बघून बरंच कळतं.

पाणकणीस

माझा उजवा घोटा वर्षातून दोन-तीनदा तरी मुरगळतोच, सपाट रस्त्यावरसुद्धा. दर वेळी बर्फ, क्रेप बँडेज, आराम.

पाऊलखूण

आरामानं सूज जाते, घोट्याचा तोल परत येत नाही. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट एकदा ताणलं गेलं की पाऊल कुठे आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणा मंदावते. एका पायावर उभं राहणं, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर, सोबत रबरी पट्ट्यानं पाऊल बाहेर ढकलणं. काही महिने चिकाटीनं करा. आणि पुढच्या वेळी एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला ओटावा रूल्स म्हणून साधे नियम आहेत. घोट्याच्या कुठल्याही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखणं, करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखणं, किंवा चार पावलं टाकता न येणं, यातलं एक जरी असेल तर एक्स-रे.

निवांत_क्षण

दोन्ही घोट्यांना संध्याकाळी सूज, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन चालू झाल्यापासून. संबंध आहे का?

स्टेथो

असू शकतो, त्या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. स्वतः बंद करू नका, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. धाप लागत असेल, चेहरा सुजत असेल तर हृदय आणि किडनीही तपासायला हवी. सूज एकाच पायाला असती तर मी तुम्हाला आज रात्रीच जायला सांगितलं असतं. ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास, गरोदरपण, कॅन्सर यानंतर एका पोटरीत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशी पोटरी चोळायची नाही, मालिश तर नाहीच, डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचं.

अशोकछाया

बाबा ६८ वर्षांचे, सिगरेट अजून सुटलेली नाही. चौकापर्यंत गेले की डावी पोटरी आवळते, उभे राहतात, परत चालतात. आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं, धागा वाचून अंगावर काटा आला. कंबरेचं असू शकतं का?

स्टेथो

असू शकतं, पण फरक विचारून बघा. कंबरेतल्या मणक्याची जागा अरुंद झाली असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, सायकल मात्र चालवता येते. रक्तवाहिनी अरुंद असेल तर जागेवर उभं राहिलं तरी सुटतं. बाबांचं दुसऱ्याशी जुळतंय. पायाची नाडी आणि एबीआय तपासून घ्या, घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करतात, सुई नाही काही नाही. ०.९ किंवा त्याखाली आला तर रक्तपुरवठा कमी. आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही असायची शक्यता असते, म्हणून घाई करा.

अशोकछाया

आज करून आलो. डावा ०.६२, उजवा ०.८८. गोळ्या लिहून दिल्यात, सिगरेट बंदच करायला सांगितलीय, त्यासाठीही मदत देणार आहेत. चालायला सांगितलंय पण किती आणि कसं ते विचारायचं राहिलं. आणि एका नातेवाईकांनी पोटरीला घट्ट बसणारे स्टॉकिंग्ज आणून दिलेत, ते घालू का?

पाऊलखूण

चालायचं ते दुखेपर्यंत. दुखणं बऱ्यापैकी वाढलं की थांबायचं, पूर्ण गेलं की परत चालायचं. विश्रांती धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, कमीत कमी तीन महिने. दुखतं म्हणून चालणं सोडलं तर अंतर आणखी कमी होतं. सुरू करायच्या आधी छातीत दुखत नाही ना, धाप लागत नाही ना हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

स्टेथो

स्टॉकिंग्ज अजिबात नकोत. ते शिरांच्या सुजेसाठी असतात, इथे आधीच रक्त कमी पोचतंय, वरून आवळलं तर कातडी मरू शकते. रात्री झोपेत पाऊल दुखायला लागलं आणि पाय खाली सोडल्यावर बरं वाटलं, किंवा बोटावर भरून न येणारी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे न्या.